मंगलताईंचा वण

मंगलताई कुठल्याच वस्तूकडे सरळ बघत नसत. आधी मान डावीकडे कलती करायच्या, मग एक पाऊल बाजूला सरकायच्या आणि उजेड त्या वस्तूवरून कसा घसरतो ते निरखायच्या. कारखान्यात हे ठीक होतं, तिथे त्याचाच पगार मिळायचा. पण हळदीकुंकवाला मिळालेला स्टीलचा डबासुद्धा त्या तसाच बघायच्या. एकदा पुनावळ्यात त्यांच्या शेजाऱ्यांनी नवी गाडी आणली. पूजेला सगळी गल्ली जमली होती. ताईंनी बॉनेटवर बोट ठेवलं आणि हार घालायच्या आत सांगून टाकलं, "हितं रंगात धूळ अडकलीया. शोरूमवाल्याला दावा." त्या दिवशी ताईंना पेढा मिळाला का, हे मला कधी विचारवलं नाही.

चाकणच्या पुढे आमची कंपनी. मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांचे बंपर आम्ही रंगवून द्यायचो. भट्टीतून सुकून आलेला प्रत्येक बंपर शेवटी फायनलच्या, म्हणजे अखेरच्या तपासणीच्या, बूथमध्ये यायचा. तीन बाजूंनी ट्यूबलाइट, चौथ्या बाजूला काच, मधे स्टँड. तिथे मंगलताई एकोणीस वर्षं उभ्या होत्या. हातात पांढरे मोजे, खिशात डागांच्या मापाचं कार्ड. म्हणजे एक पारदर्शक पट्टी, तिच्यावर लहानमोठे काळे ठिपके छापलेले. रंगातला डाग ठरलेल्या ठिपक्याहून मोठा निघाला की बंपर परत मागे. ताईंना कार्ड क्वचितच लागायचं. त्या लांबूनच सांगायच्या आणि कार्ड लावलं की तेवढंच निघायचं. इनचार्जने आणि मॅनेजरने कितीही घाई केली तरी त्यांनी न बघितलेला बंपर पुढे गेला नाही.

मी लातूरकडची. लग्न करून निगडीत आले आणि बारा दिवसांत कंपनीत लागले. तिसऱ्या दिवशी नणंदेने हौसेने दिलेलं सीरम केसांना लावून गेले. बूथच्या दारातच ताईंनी मला अडवलं.

"डोकं खाली घाल."

मी घातलं. त्यांनी केसांचा वास घेतला आणि माझं मनगट धरून मला बाहेर ओढलं. पेंट शॉपमध्ये, आणि आमचा बूथ त्यातच, सिलिकॉनला बंदी असते, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. सीरम, क्रीम, डिओ, कशातही ते असतं. त्याचा कणभर अंश ओल्या रंगावर पडला तरी तिथला रंग मागे सरतो आणि खळगा पडतो. त्याला आम्ही क्रेटर म्हणतो. एक क्रेटर आला की मागोमाग शंभर येतात आणि लाइन बंद पडते. मला घरी पाठवायचा नियम होता. पाठवलं असतं तर ठेकेदाराने दुसऱ्या दिवशी माझ्या जागी दुसरी मुलगी उभी केली असती. ताईंनी मला कँटीनच्या मागच्या नळावर नेलं, भांड्यांच्या साबणाने माझे केस दोनदा धुतले आणि आपल्या ओढणीने खसाखसा पुसले.

"नवी नवरी हायस, तुजी हौस मला कळतीया," त्या म्हणाल्या. "पर ती घरी. हितं आठ तास तू निस्तं दोन डोळं हायस."

त्यानंतर मी त्यांच्या हाताखाली शिकले. त्या शिकवताना फार बोलायच्या नाहीत. बंपरसमोर उभं करायच्या आणि विचारायच्या, "काय दिसतंय?" काही नाही म्हटलं की "परत बघ." दिसेपर्यंत परत बघ. पहिल्या महिन्यात मी दोनदा रडले. दोन्ही वेळा त्यांनी मला रडू दिलं आणि मग तोच बंपर पुढे केला.

ताईंच्या जबड्याच्या कडेला, डाव्या बाजूला, वाटाण्याएवढा काळा मस होता. त्यावर दोन केस. नवा माणूस त्यांच्याशी बोलायला लागला की दोन वाक्यांनंतर त्याची नजर तिथे जायची. ताईंना ते कळायचं, पण सेहेचाळीस वर्षं सवयीची होती. मग एका महिन्यात उत्कृष्ट कर्मचारी म्हणून त्यांचा फोटो निघाला. बूथमध्येच काढला, त्या सगळ्या ट्यूबलाइटच्या उजेडात. नोटीस बोर्डावर मोठा करून लावला. सकाळच्या मीटिंगला सगळे जमले असताना शिफ्ट इनचार्ज फोटोकडे बघून म्हणाला, "काय ताई, एवढा मोठा डिफेक्ट फायनलमधनं पास कसा झाला?"

सगळे हसले. ताईही हसल्या. मीही हसले, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

दिवाळीनंतर ताईंनी चार दिवसांची रजा घेतली. परत आल्या तेव्हा जबड्यावर छोटी पट्टी होती. निगडी प्राधिकरणातल्या एका कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये त्यांनी मस काढून घेतला होता. घरी नवऱ्यालाही आदल्या दिवशीच सांगितलं. तो शाळेची बस चालवायचा, मोजकं बोलायचा. "तुला दुखंल," एवढंच म्हणाला म्हणे. टाके निघाले त्या दिवशी कँटीनमध्ये ताईंनी स्कार्फ सोडला आणि गाल माझ्यापुढे केला.

"बघ. काय दिसतंय?"

केसाएवढी गुलाबी रेघ होती. मी मान कलती करून, बाजूला सरकून, त्यांच्यासारखंच बघितलं आणि म्हटलं, "पास." एवढं मोठ्याने हसताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं.

तिसऱ्या महिन्यात रेघेला खाज सुटली. मग ती लाल झाली, फुगली, चकाकायला लागली. ताई रोज वॉशरूमच्या आरशापुढे डागांचं कार्ड गालाला लावून मापायच्या. एक दिवस कार्डावरचा सगळ्यात मोठा ठिपका कमी पडला. त्या माझ्याकडे वळल्या आणि कार्ड खिशात ठेवलं.

क्लिनिकवाल्यांनी सांगितलं की काहींची कातडी तशी असते. मग सरकारी दवाखान्यातल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे मी त्यांच्यासोबत गेले. त्या बाईंनी गालाकडे बघायच्या आधी ताईंची बाही वर केली. लहानपणी दंडावर टोचलेल्या लसीचा वण शेंगदाण्याएवढा वर आलेला होता.

"हा कधीपासून असा आहे?"

"कळतंय तवापासनं."

"ऑपरेशनच्या आधी क्लिनिकमध्ये कुणी विचारलं नाही?"

"न्हाई," ताई म्हणाल्या. "त्यांच्या चेकलिस्टीत त्यो सवालच नसंल."

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. याला केलॉइड म्हणतात. जखम भरली तरी कातडीला थांबायचं कळत नाही, ती वाढतच राहते. हे कापायचं नाही, नुसतं कापलं की दुप्पट जोमाने परत येतं. महिन्याला एकदा वणात इंजेक्शन घ्यायचं आणि वर सिलिकॉनची पट्टी लावायची. अंघोळीपुरती काढायची, बाकी जितके तास राहील तितकं बरं. सहा महिने, कदाचित वर्षभर. आणि त्या जागी घासायचं नाही, काही झोंबणारं लावायचं नाही.

सिलिकॉन म्हटल्याबरोबर ताई हसायलाच लागल्या. डॉक्टरीणबाई गोंधळल्या.

"बाई, ह्ये सोडून काय बी द्या," ताई म्हणाल्या. "ह्ये आमच्या कंपनीत चालत न्हाई. म्याच चालू देत न्हाई."

इंजेक्शन फार दुखायचं. वण दगडासारखा घट्ट, औषध आत शिरायचं नाही. ताई खुर्चीचा हात धरून बसायच्या आणि बाहेर आल्यावर म्हणायच्या, "मिरची भरल्यागत होतंय गं." तीन इंजेक्शनांनंतर वण जरा मऊ पडला. पट्टी दिवसभर लावता आली असती तर तो दबलाही असता. मी त्यांना सांगितलं, काही महिने पॅकिंगला बदली मागा. ते पेंट शॉपच्या बाहेर, ओल्या रंगापासून लांब आहे, तिथे बंदी नाही.

"पॅकिंगला ग्येलेलं माणूस परत फायनलला आलेलं तू बघितलंयस?"

मी बघितलं नव्हतं. कुणीच बघितलं नव्हतं. फायनलची जागा रिकामी राहत नाही. दुसरा डोळा तयार झाला की पहिल्याला कुणी बोलवत नाही.

तेव्हा ताईंनी आपला मार्ग काढला. घरी गेल्यापासून सकाळपर्यंत पट्टी लावायची. मग ती काढून, कंपनीच्या वॉशरूममध्ये साबणाने गाल धुवायचा. आणि सिलिकॉनचा अंशही राहू नये म्हणून, रंग मारण्याआधी बंपर ज्या स्पिरिटने पुसतात त्याच स्पिरिटने, त्याच पांढऱ्या फडक्याने वण पुसायचा. एकदा नव्हे, तीनदा. आमची पद्धतच तशी, तीन हात. ते झोंबायचं, डोळ्यांतून पाणी यायचं आणि वण लालबुंद व्हायचा.

"ताई, घासू नका म्हणाल्यात ना त्या," मी एकदा म्हटलं.

"घासतीया कुटं? पुसतीया." फडकं उजेडात धरून त्यांनी बघितलं. "बंपरला काय हुतंय का? मग मला काय धाड भरलीया?"

मला खरं तर हे पटलं. आज सांगायला विचित्र वाटतं, पण रंगाच्या कामात काही वर्षं काढली की माणसाला वाटायला लागतं, पृष्ठभाग स्वच्छ असला की सगळं नीट होतं. आमच्या लाइनवर कुणीही असती तरी तिने हेच केलं असतं. वण मात्र चिडत गेला. इंजेक्शनने एक पाऊल मागे जायचा आणि स्पिरिटने दोन पावलं पुढे यायचा. तो असा का सोलवटतो, हे डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा ताई म्हणाल्या, "स्कार्फ लागतो." मी शेजारीच बसले होते. मीही गप्प राहिले.

मग क्रेटरचा तो दिवस आला. फर्स्ट शिफ्टला काळे बंपर चालू होते आणि पहिल्या तासातच ताईंनी अकरा मागे पाठवले. लाइन थांबली. मॅनेजर आला, कस्टमरचा फोन आला. लॉकर उघडले, बॅगा उलट्या केल्या, मुलींच्या हातांचे वास घेतले. काही सापडलं नाही. ताई बूथमध्ये उभ्या राहून हे बघत होत्या. मग त्या बाहेर आल्या, मास्क काढला आणि मॅनेजरसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सायेब, मी हाय. माज्या गालाला सिलिकॉन हाय."

त्यांनी सगळं सांगितलं, पट्टी, साबण, स्पिरिट. एकोणीस वर्षं दुसऱ्यांचे हात हुंगणारी बाई सगळ्या शिफ्टसमोर गाल दाखवत उभी होती. वण तोवर करंगळीएवढा झाला होता. इनचार्ज, तोच तो, खाली बघत म्हणाला, "ताई, तुम्ही आजपासून पॅकिंगला जा. ट्रीटमेंट होईपर्यंत."

बूथमध्ये मला उभं केलं.

ताई पॅकिंगला गेल्या आणि क्रेटर दुसऱ्या दिवशीही आले. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मेंटेनन्सच्या माणसाला आठवलं की ठेकेदाराच्या पोरांनी भट्टीच्या दाराच्या रबराला कसलासा स्प्रे मारला होता. डबा बघितला, त्यावर सिलिकॉन लिहिलेलं होतं. रबर बदलल्यावर क्रेटर थांबले. मी इनचार्जकडे जाऊन म्हटलं, आता ताईंना परत बोलवा. तो म्हणाला, "अगं, बाई ट्रीटमेंटला आहे, पट्टी लावते, कशी आत घेऊ? आणि तू बघतेयस की चांगलं." मी पुन्हा म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. फायनलला लागलेल्या बाईचं नाव ठेकेदाराकडून कंपनीच्या हजेरीपटावर जातं, आणि माझं नाव जाणार होतं.

ताईंनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. पॅकिंगच्या टेबलावर बंपरला फोमची पिशवी चढवताना त्या मान कलती करून बघायच्या आणि पिशवी चढवून मोकळ्या व्हायच्या. आता दिवसभर पट्टी लावायला कुणाची ना नव्हती. पण त्यांचा धीर सुटला होता. पट्टीने वण दबायला वर्ष जाणार, तोवर फायनल गेलंच समजा. गालावर काही नसलं तर मात्र पट्टीही लागणार नाही आणि आत घ्यावंच लागेल, असं त्यांनी मनाशी मांडलं.

"आपण बंपरला काय करतो? डाग आला तर त्यो भाग खरवडून परत रंगवतो न्हवं? मग?" त्या मला म्हणाल्या.

"ताई, डॉक्टरीणबाई कापू नका म्हणाल्यात."

"दुसरा डॉक्टर भेटलाय. मुळासकट काढतो म्हणतोय."

त्याने काढला. मुळासकटच काढला असेल. महिनाभर ताई एकदम तरुण दिसत होत्या. गणपतीपर्यंत वण परत आला आणि या वेळी त्याने कानाच्या पाळीपासून हनुवटीपर्यंत जागा घेतली. लाल, गुळगुळीत, खेकड्याच्या नांग्यांसारखा दोन्ही टोकांना पसरलेला. तोंड पुरतं उघडेना. ताई भाकरीचे चिमणीच्या घासाएवढे तुकडे करून खायच्या आणि खाताना भिंतीकडे तोंड करून बसायच्या. पॅकिंगच्या मुली त्यांच्याशी बोलताना जमिनीकडे बघायला लागल्या. मसाच्या वेळी निदान लोक बघायचे तरी.

शेवटी पुन्हा डॉक्टरीणबाई. त्या रागावल्या नाहीत, त्यानेच मला जास्त वाईट वाटलं. आता एकच उपाय उरला आहे, म्हणाल्या. कापायचं, आणि कापल्यावर चोवीस तासांच्या आत त्या जागी रेडिएशन सुरू करायचं. लागोपाठ तीन दिवस, तीन वेळा, एकही चुकवायची नाही. म्हणजे कातडीला पुन्हा वाढायला अवसर मिळत नाही. हमी नाही, पण आशा बरी आहे. रेडिएशन कॅन्सरच्या विभागात मिळतं, त्याला घाबरू नका.

ऑपरेशन झालं. मी तीन दिवसांची सुट्टी टाकून सोबत गेले. पहिल्या दिवशी कॅन्सरच्या विभागाबाहेरच्या बाकावर रांगेने माणसं बसली होती, कुणाच्या नाकात नळी, कुणाच्या डोक्याला रुमाल. ताईंच्या शेजारी माण गावची एक बाई होती. साधारण त्यांच्याच वयाची, अर्धा चेहरा काळवंडलेला, बोलताना लाळ पुसणारी.

"तुमचा कुटला हो?" तिने ताईंच्या बँडेजकडे बघत विचारलं.

ताईंनी माझ्याकडे बघितलं. त्या बाकावर बसून, मी सुंदर दिसायला गेले होते, असं कोण सांगेल?

"जबड्याचा," ताई म्हणाल्या.

"माजाबी जबड्याचाच." बाईचा चेहरा एकदम सैल झाला. "मशेरीनं घात केला माजा. तुमीबी लावायचा?"

"व्हय," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ती बाई पितळेचा लहान डबा घेऊन आली. तांदूळ-मुगाचं पातळ खिमट, वर तूप. "जबडा असला की चावता येत न्हाई, मला ठावं हाय," ती म्हणाली. "माज्यासाठी केलं, तवा तुमच्यापुरतं जादा टाकलं. खावा. आपल्याला जगायचंय." ताईंनी नको म्हणून बघितलं, पण बाईने चमचा हातात दिला. ताईंनी ते सगळं खाल्लं. एक एक चमचा, खाली बघून. मग आत जाऊन रेडिएशन घेऊन आल्या.

तिसऱ्या दिवशी मी पुनावळ्याला त्यांना घ्यायला गेले. त्या ओट्यावर बसल्या होत्या, घरच्याच साडीत.

"मी न्हाई येत."

"ताई, तिसरी चुकवायची नाही म्हणून सांगितलंय!"

"ती बाई मरणार हाय," ताई म्हणाल्या. "तिनं तिच्या तोंडातला घास मला दिला. आन् म्या काय सांगितलं तिला? आज परत तिच्या शेजारी कशी बसू?"

मी म्हटलं, खरं सांगून टाका. मी म्हटलं, दुसऱ्या वेळेला जाऊ. त्यांच्या नवऱ्याने बस गल्लीच्या तोंडाशी उभी केली आणि आत येऊन हात जोडले, अक्षरशः बायकोपुढे हात जोडले. मी रडले, ओरडले. ताई हलल्या नाहीत. सगळ्या जगाचे डाग मागे पाठवणाऱ्या बाईला स्वतःचं एक खोटं पुढे पाठवता आलं नाही. मला त्यांचा भयंकर राग आला होता. अजूनही येतो.

वण परत आला. त्यानंतर ताईंनी कुठलाच उपाय केला नाही. त्यांनी राजीनामा दिला, माझे फोन घेईनाशा झाल्या. एकदोनदा घरी गेले तर आतून निरोप आला, झोपल्यात.

या उन्हाळ्यात त्या मला निगडीच्या बस स्टँडवर दिसल्या. पुण्याकडे जाणारी बस सुटायच्या बेतात होती आणि त्या खिडकीशी बसल्या होत्या. आमच्याकडे निम्म्या बायका तोंडाला स्कार्फ बांधून फिरतात, त्यामुळे मी ओळखलं ते डोळ्यांवरून. मी धावत खिडकीखाली गेले. स्कार्फच्या कडेने तो लाल वण डोळ्याच्या खालपर्यंत आला होता. त्यांनी तो झाकला नाही.

कशा आहात वगैरे मी विचारलं. त्यांनी ते ऐकलंच नाही.

"फायनलला कोन हाय आता?"

फायनलच्या बूथमध्ये दोन महिन्यांपूर्वी कॅमेरे बसले होते. बंपर त्यांच्यासमोरून सरकतो आणि पडद्यावर हिरवं किंवा लाल येतं. स्टँड काढून टाकलं. तिथे आता माणूस उभं राहत नाही. मी पॅकिंगला फोमच्या पिशव्या चढवते.

"मीच आहे, ताई," मी म्हटलं.

"नीट बघतीस न्हवं?"

"बघते."

ताईंनी मान हलवली. ड्रायव्हरने बस सुरू केली आणि त्या पुढे बघायला लागल्या.